दक्षिणा, अनुदान आणि ऋण : नवलेखकाला द्यावयाच्या साहाय्याचा नैतिक विचार

१

आधुनिक मराठी ग्रंथव्यवहाराच्या प्रारंभकाळातच लेखकाला द्रव्यसाहाय्य देणारी एक व्यवस्था उभी असलेली दिसते. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेची रक्कम इंग्रजी अमलात टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा काही भाग मराठीतील नव्या ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळवण्यात आला. या कामासाठी नेमलेली समिती ‘दक्षिणा प्राइज कमिटी’ या नावाने ओळखली जाते. देणारे सरकार बदलले, देण्याचा हेतू बदलला, नाव मात्र दक्षिणेचेच राहिले. १८५५ साली जोतीराव फुले यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या समितीपुढे ठेवले आणि समितीने ते नाकारले. समितीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी त्याची मीमांसा फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) केली. हे नाटक छापील रूपात वाचकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

या घटनेचा उल्लेख सामान्यतः तत्कालीन पक्षपाताचे उदाहरण म्हणून केला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात याहून मूलगामी असा एक पेच आहे. ‘तृतीय रत्न’ हे कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणाऱ्या जोशाचे नाटक आहे. म्हणजे ज्या दानव्यवहारातून तो निधी निर्माण झाला होता, त्या दानव्यवहाराचीच चिकित्सा करणारी कृती त्या निधीकडे साहाय्य मागत होती. समितीचे सभासद अधिक उदार असते तर नाटकाला पारितोषिक मिळालेही असते. परंतु मग प्रश्न त्यांच्या औदार्यावर येऊन थांबला असता. देणाऱ्याच्या देण्याच्या अधिकाराविषयीच शंका घेणाऱ्या लेखनाला साहाय्य मिळू शकेल काय, आणि मिळाले तर ते कोणत्या नैतिक आधारावर, हा खरा प्रश्न आहे. आज ज्यांच्या घरात लिहिणारी पहिलीच पिढी उभी राहत आहे, अशा दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्त समाजांतील नवलेखकांना अनुदान, शिष्यवृत्ती, शिबिरे आणि मार्गदर्शन देण्याविषयी सर्वत्र अनुकूलता दिसते. ही अनुकूलता स्वागतार्ह असली तरी तिच्यामागील नीतिविचार पुरेसा तपासला गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्यामुळे या विवेचनात कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांचा अनुभव शेजारी ठेवून पाहणे हे बाहेरून आणलेले कलम ठरू नये. तो शेजार मराठी विचारात जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

२

साहाय्याच्या कल्पनेलाच घेतला जाणारा पहिला आक्षेप प्रतिभेच्या नावाने घेतला जातो. प्रतिभा स्वयंभू असते, ती आपली वाट आपण काढते, अनुदानाने कवी निर्माण होत नाहीत, असे म्हटले जाते. यासाठी बहिणाबाई चौधरींचे उदाहरण हटकून दिले जाते. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीला कोणते अनुदान मिळाले होते, असा हा युक्तिवाद असतो.

वस्तुतः हे उदाहरण नेमके उलट सिद्ध करते. बहिणाबाईंच्या घरात सोपानदेवांसारखा लिहिणारा व स्वतः कवी असलेला मुलगा होता. त्याने व घरातील मंडळींनी ती गाणी कागदावर उतरवून घेतली. पुढे ती आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली, त्यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि १९५२ साली, कवयित्रीच्या मृत्यूनंतर, संग्रह प्रसिद्ध झाला. या साखळीतील एक कडी निखळली असती तर आज बहिणाबाई हे नाव आपल्याला ठाऊक नसते, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हेही आपल्याला कळले नसते. प्रतिभा आपली वाट काढते हे विधान आपण ज्यांना वाट सापडली त्यांच्याकडे पाहून करीत असतो. ज्यांना सापडली नाही त्यांची गणना करण्याचे साधन आपल्याजवळ नसते. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे विधान निराधार आहे. नैतिक दृष्ट्या ते सोयीचे आहे, कारण ते आपल्याला कर्तव्यातून मोकळे करते.

फलटणच्या बेबी कांबळे यांचे उदाहरणही असेच आहे. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी अनेक वर्षे लिहिले. ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपाने आले. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांच्या लेखनात रस घेतला व ते प्रसिद्ध करण्यास त्यांना प्रवृत्त केले. येथे साहाय्य पैशाचे नव्हते. आपले लिहिणे दुसऱ्या कोणालातरी वाचावेसे वाटते, ही जाणीव लेखिकेला मिळाली. लेखन बेबीताईंचेच राहिले.

चळवळीतून आलेल्या लेखकांविषयीही असाच गैरसमज आहे. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी सांभाळलेले नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले, आणि १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ घेऊन आले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे वास्तव्य कर्जत तालुक्यात नेरळला होते, त्यामुळे आमच्या भागात त्यांच्याविषयी एक आपलेपणा आहे. कोणाच्याही आधाराविना उभा राहिलेला कवी अशी त्यांची प्रतिमा येथे सांगितली जाते. परंतु कामगार चळवळ, तिच्या सभा, तिची पत्रके, तिचा श्रोतृवर्ग हे सारे साहाय्यच होते. अण्णाभाऊ साठ्यांच्या मागे १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक होते. साहाय्य नव्हते असे नाही. त्याला साहाय्य हे नाव नव्हते, आणि ते नाव नसल्यामुळे त्याचा अपमानही नव्हता. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३

साहाय्य आवश्यक आहे हे मान्य केल्यावर दुसरा, अधिक अवघड प्रश्न उपस्थित होतो. घेणाऱ्यावर देणाऱ्याचा हक्क कोणता? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात असे दाखवले की, निरपेक्ष वाटणाऱ्या देण्यातही देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने गुंफलेली असतात. परत करता न येणारे दान घेणाऱ्याला खालच्या पायरीवर ठेवते. साहित्यव्यवहारात ही परतफेड पैशाने मागितली जात नाही. ती लेखनाच्या रूपाने मागितली जाते.

अमेरिकेतील हार्लेम प्रबोधनाच्या काळातील उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत गौरवर्णीय वृद्धेने लँग्स्टन ह्यूज आणि झोरा नील हर्स्टन या दोघांनाही आर्थिक आधार दिला. आपल्याला ‘गॉडमदर’ म्हणावे अशी तिची अपेक्षा असे. १९२७ च्या डिसेंबरात हर्स्टनशी झालेल्या करारानुसार तिला दरमहा २०० डॉलर मिळू लागले, परंतु दक्षिणेतील कृष्णवर्णीयांकडून तिने गोळा केलेल्या लोकसाहित्यावर अधिकार मेसनबाईंचा राहणार होता. हर्स्टन आपल्याच लोकांत जाऊन आपल्याच लोकांच्या कथा ऐकत होती, आणि त्या कथांची मालकी तिच्याजवळ नव्हती. ह्यूजकडून मेसनबाईंना एका आदिम, निसर्गनिष्ठ आफ्रिकेचा सूर हवा होता. शहरात वाढलेल्या ह्यूजजवळ तो नव्हता. १९३० मध्ये दोघांचे संबंध तुटले. मेसनबाईंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीविषयी त्यांना खरोखर आस्था होती. दोष नेमका त्या आस्थेच्या आकारात होता, कारण साहाय्य देण्यापूर्वीच त्या लेखकाचा आवाज कसा असावा हे त्यांनी ठरवून टाकले होते.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात साहाय्याचे दोन भिन्न प्रकार शेजारी शेजारी दिसतात. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते त्याप्रमाणे बडोद्यास गेले, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. सयाजीराव महाराजांच्या औदार्याविषयी येथे प्रश्नच नाही. परंतु परतफेड दात्याच्या दारी येऊन करावी अशी योजना असली, आणि त्या दारात उभे राहण्याची सोय समाजाने ठेवली नसली, तर ती परतफेड अशक्य होते हे या घटनेने दाखवले. दुसरे उदाहरण शाहू महाराजांचे. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत तुम्हाला तुमच्यातूनच तुमचा पुढारी लाभला आहे असे सांगून त्यांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवले. मदत देणाऱ्याने मदत दिल्यानंतर स्वतःला मध्यभागातून दूर केले. मराठी समाजातील साहाय्यविचारात या प्रसंगाला जे स्थान मिळावयास हवे होते, ते अद्याप मिळालेले नाही.

दात्याच्या जागी राजा किंवा धनिक जाऊन लोकशाही शासन आले म्हणजे हा पेच आपोआप सुटतो, असेही नाही. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखक अनुदान योजनेतून अनेक अपरिचित लेखकांच्या पहिल्या पुस्तकाला हात दिला आहे, आणि त्याचे मोल मान्य केलेच पाहिजे. परंतु २०२२ च्या डिसेंबरात राज्य शासनाने एका अनुवादाला जाहीर केलेला वाङ्मय पुरस्कार थोड्याच दिवसांत शासन निर्णयाने रद्द केला, आणि त्याच्या निषेधार्थ मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, हेही विसरता येत नाही. जे दिले ते परत घेता येते, हा दात्याचा अधिकार तेथे शिल्लक होता. शासनाचा पैसा हा मुळात लोकांचाच असतो. शासन दाता नसून कोठारपाल आहे, हे भान सुटले की अनुदानाची पुन्हा दक्षिणा होते.

४

या टप्प्यावर आपल्या परंपरेतील ऋणाच्या कल्पनेकडे वळणे उपयुक्त ठरेल. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण प्रजोत्पादनाने फिटते. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ज्याच्याकडून घेतले त्याला परत करून हे ऋण फिटत नाही. बापाचे ऋण बापाला काही देऊन फेडता येत नाही, ते पुढच्या पिढीला जन्म देऊन व वाढवून फेडायचे असते. ज्ञानाचे ऋण ज्ञान चालू ठेवून फेडायचे असते. परतफेडीची दिशा मागे नसून पुढे आहे. मोसने सांगितलेल्या दानाच्या बंधनातून सुटण्याचा एक मार्ग या कल्पनेत आहे, कारण पुढे जाणाऱ्या ऋणात घेणारा हा दात्याचा मिंधा राहत नाही, तो स्वतःच देणारा होतो.

परंतु या कल्पनेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. संहितेतील ते विधान जन्मतः ऋणी असलेल्या ब्राह्मणाविषयी आहे. ज्याला अध्ययनाचा अधिकारच नाही, त्याच्यावर ऋषिऋणही नाही. ऋणी असणे हासुद्धा एक अधिकार होता, आणि तो बहुसंख्यांना नाकारलेला होता. म्हणून नवलेखकाला साहाय्य देताना आपण त्याच्यावर उपकार करीत आहोत ही भाषा ऐतिहासिक दृष्ट्याच चुकीची आहे. जे ज्ञानाचे कोठार सर्वांच्या श्रमावर भरले गेले आणि काहींच्याच हाती राहिले, त्या कोठाराचा वाटा उशिराने दिला जात आहे. साहाय्य हे दान नसून थकलेले देणे आहे.

ऋण पुढे नेण्याची ही कल्पना व्यवहारात कशी येते, याचे एक उदाहरण आमच्या कर्जत तालुक्याने घालून दिले आहे. भातशेती आणि जंगलावर जगणाऱ्या येथील कष्टकऱ्यांच्या घरातील धान्य आषाढ-श्रावणात संपत असे. तेव्हा सावकाराकडून खावटी आणावी आणि कापणी झाल्यावर दीडपटीने, दुपटीने फेडावी, ही रीत होती. खावटी घेणारा केवळ धान्याने बांधला जात नसे. सावकाराच्या शेतावर राबणे, त्याच्या शब्दाबाहेर न जाणे, हेही त्या व्यवहारात येत असे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हुतात्मा झालेले भाई कोतवाल, यांनी या भागात शाळा काढल्या आणि धान्यकोठ्याही उभ्या केल्या. पुढील काळात कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांतून धान्यबँका चालवल्या. धान्यकोठीचे तत्त्व साधे आहे. गरजेच्या दिवसांत कोठीतून धान्य न्यावे, पीक आल्यावर थोड्या वाढीने ते कोठीत घालावे. ही वाढ कोणाच्या घरी जात नाही. तिच्यातून पुढच्या पावसाळ्यात आणखी एका घराची चूल पेटते. धान्य कोणाला किती द्यावे हे वाडीच ठरवते, आणि मापही वाडीच्याच हाती असते.

खावटी आणि धान्यकोठी या दोहोंतही भुकेल्या घराला धान्यच मिळते. पोटात गेलेल्या भातात फरक नसतो. फरक परतफेडीच्या दिशेत आणि माप कोणाच्या हाती आहे यात असतो. माझे प्रतिपादन असे की, नवलेखकाला दिल्या जाणाऱ्या साहाय्याची नैतिक कसोटी हीच आहे. साहाय्याची रक्कम, दात्याचा हेतू, घेणाऱ्याची कृतज्ञता या गोष्टी तिच्यापुढे दुय्यम आहेत. घेतलेले साहाय्य लेखकाने दात्याकडे वळून फेडायचे आहे की पुढच्या लेखकाकडे, आणि ते देण्याघेण्याचे निर्णय कोण करते, एवढे विचारले म्हणजे बहुतेक योजनांचे खरे रूप कळून येते.

५

पैशापेक्षा मार्गदर्शनाच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागते. अनुदानाच्या अटी छापलेल्या असतात, मार्गदर्शकाच्या अटी बहुधा त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेल्या नसतात.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीतील ठाकूर आणि कातकरी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ मधील, आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील ग्रंथ १९६० मधील. दोन्ही ग्रंथ परिश्रमाने सिद्ध झालेले आहेत. परंतु त्यांतील ठाकूर व कातकरी हे अभ्यासाचे विषय आहेत. ते बोलतात ते माहिती देण्यासाठी, आणि त्या माहितीचा अर्थ लावणारा वेगळा असतो. त्या समाजातील एखादा तरुण लिहू लागतो तेव्हा त्याच्यापुढे कोरा कागद नसतो. त्याच्याविषयी आधीच लिहिलेल्या शेकडो पानांवर त्याला लिहायचे असते.

असे समजा की खालापूर तालुक्यातील एका ठाकूरवाडीतील विद्यार्थी आपल्या कवितांची वही घेऊन मराठीच्या प्राध्यापकाकडे येतो. वहीत प्रमाण मराठी आहे आणि मध्येच ठाकरी बोलीतील शब्द आहेत. काही कविता प्रेमाच्या आहेत, काही कर्जतच्या लोकलमधल्या गर्दीवर आहेत, एक क्रिकेटवर आहे. प्राध्यापक सहृदय आहे. तो दोन सूचना करतो. प्रमाण मराठीतील ओळी नकली वाटतात, तेव्हा बोलीतच लिही, ही पहिली. आणि दुसरी, प्रेमाच्या कविता सगळेच लिहितात, तू तुझ्या वाडीचे दुःख लिही. एका पिढीपूर्वीच्या प्राध्यापकाने याच्या नेमके उलट सांगितले असते, म्हणजे बोली सोड आणि शुद्ध लिही असे म्हटले असते. दोन्ही सल्ल्यांत वरवर विरोध असला तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. या मुलाचा खरा आवाज कोणता, हे त्याच्यापेक्षा प्राध्यापकाला अधिक कळते, हे ते गृहीतक होय. मेसनबाईंची ह्यूजकडून हीच अपेक्षा होती.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकुरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि शोधकार्य थांबवावे लागले. काही आठवडे वृत्तपत्रांतून तिच्याविषयी लिहिले गेले. आता या पट्टीतील कोणताही लिहू लागलेला मुलगा किंवा मुलगी कवितेची वही घेऊन शिबिराला आली, तर शिबिर घेणाऱ्याला त्या रात्रीविषयी काही वाचण्याची इच्छा होणार, आणि ती इच्छा अमानुष नाही. परंतु त्या इच्छेचे साहाय्याच्या अटीत रूपांतर होणे अमानुष आहे. ज्याचे आप्त गेले त्याला मौनाचा अधिकार आहे. वीस वर्षांनी लिहिण्याचा अधिकार आहे. आयुष्यभर क्रिकेटवरच कविता लिहिण्याचाही अधिकार आहे. दुःखाची साक्ष देणे हे वंचित समाजातील लेखकाचे कर्तव्य मानून आपण त्याच्यावर असे एक बंधन घालतो, जे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय लेखकावर आपण कधीच घातलेले नाही. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासींचे दुःख मंचावरून दुसऱ्यांनीच सांगण्याच्या प्रकाराविषयी आहे. तिच्या पुढची पायरी अशी की, आदिवासी लेखकाला आता मंचावर बोलावले जाते, पण कोणते दुःख सांगावे हे मंच उभारणारा ठरवतो.

मग मार्गदर्शकाने करावे तरी काय? मौन राहणे हा उपाय नाही, कारण नवलेखकाला खरोखर गरज असते ती त्याचे लेखन काळजीपूर्वक वाचणाऱ्या माणसाची. कोठे शब्द ढिला पडला, कोठे ओळ उसनी वाटते, हे त्याला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते न सांगणे म्हणजे त्याला बरोबरीचा न मानणे होय. भेद असा करता येईल की मार्गदर्शकाने लेखनाविषयी बोलावे, लेखकाने कोण असावे याविषयी बोलू नये. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. प्रस्थापित लेखकाने नव्या कवीला वाचकांपुढे नेण्याचा तो प्रसंग होता. परंतु तेंडुलकरांनी स्वतःला जाणत्याच्या जागी न ठेवता अपरिचित प्रदेशात शिरणाऱ्याच्या जागी ठेवले, आणि त्या प्रदेशाचा वाटाड्या कवीच राहिला. प्रस्तावना कशी लिहावी याचा हा वस्तुपाठ आहे, आणि मार्गदर्शन कसे करावे याचाही.

६

माप कोणाच्या हाती, या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर दलित साहित्याने स्वतःच दिले. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या, तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयाभोवती, म. ना. वानखेडे यांच्यासारख्या प्राचार्यांच्या पुढाकाराने एक लेखनवर्तुळ तयार झाले. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत चालवले. त्याचे मेळावे भरत, तेथे नवे लेखक वाचीत आणि आधीचे ऐकत. या व्यवहारात पैसा फार नव्हता. संपादक, लेखक आणि वाचक हे एकाच इतिहासाचे वारसदार होते, आणि आज ज्याची कविता छापली तो उद्या दुसऱ्याची कविता वाचून मत देणार होता. म्हणजे कोठीत धान्य परत येत होते. १९९६ साली टॉय डेरिकॉट आणि कॉर्नेलियस ईडी या दोन कवींनी कृष्णवर्णीय कवींसाठी ‘केव्ह कॅनेम’ ही संस्था अमेरिकेत सुरू केली, तिचेही तत्त्व हेच होते. तेथे एकेकाळी शिकावयास आलेले कवी पुढे शिकवावयास आले.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे. आपल्यातल्यांची संस्था असली म्हणजे बंधन संपते काय? चळवळीच्याही अपेक्षा असतात. ‘बलुतं’ १९७८ मध्ये व ‘उपरा’ १९८० मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. त्यानंतर प्रकाशक, वाचक आणि चळवळ अशा तिघांनीही दलित लेखकाकडून आत्मकथनाचीच मागणी केली, आणि कादंबरी, समीक्षा किंवा निखळ प्रेमकाव्य लिहू पाहणाऱ्याची वाट अरुंद झाली. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. माप आपल्या माणसाच्या हाती असले तरी ते माप खोटे असू शकते. म्हणून पूर्वीच्या दोन कसोट्यांना तिसरी जोडणे आवश्यक आहे. ज्याला साहाय्य मिळाले त्याला साहाय्य देणाऱ्याच्या विरुद्ध, आणि आपल्या समाजाच्या अपेक्षेविरुद्धही, लिहिण्याची मुभा असली पाहिजे. अण्णाभाऊ साठे साम्यवादी चळवळीने घडवलेले लेखक होते. त्यांनी ‘फकिरा’ (१९५९) मात्र डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. आपले ऋण कोणाचे, हे लेखकाने स्वतः ठरवले. चळवळीला त्यामुळे कमीपणा आला असे कोणी म्हणणार नाही.

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टीही निष्पन्न होतात. पहिली गोष्ट वेळेची. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत स्थान दिले आहे, त्यांपैकी कातकरी ही एक. येथील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील लेखकाला छपाईच्या अनुदानाआधी बसून लिहिण्याच्या चार महिन्यांची गरज आहे. पूर्ण झालेले हस्तलिखित घेऊन या, असे सांगणारी योजना त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपलेली असते. दुसरी गोष्ट दुसऱ्या पुस्तकाची. पहिल्या पुस्तकात आयुष्यभर साठलेले असते, दुसऱ्यात लेखक घडतो, आणि नेमके तेव्हा सगळे आधार निघून जातात. तिसरी गोष्ट निवड समित्यांची. साहाय्य घेतलेल्यांपैकी काहींना काही वर्षांनी निवडीच्या कामात घेणे हा नियम झाला, तर परतफेडीची दिशा आपोआप पुढची होईल. चौथी गोष्ट विद्यापीठीय मराठी विभागांची. आपण नवलेखकाचा उल्लेख अभ्यासविषय म्हणून फार लवकर करू लागतो आणि वाचक म्हणून फार उशिरा. त्याच्यावर प्रबंध लिहून होतो, पण त्याच्या पुढच्या हस्तलिखितावर पानभर पत्र लिहायला कोणी सापडत नाही.

यांतील एकाही गोष्टीने थोर साहित्य निर्माण होईलच, अशी हमी देता येत नाही, आणि ती देण्याची आवश्यकताही नाही. धान्यकोठीतून नेलेल्या धान्यावर कोणी किती पराक्रम केला, याचा हिशेब कोठी ठेवीत नाही. पावसाळा निभावला आणि पेरणी झाली एवढेच ती पाहते. ‘तृतीय रत्न’ला १८५५ साली पारितोषिक मिळाले असते तर मराठी नाटकाचा इतिहास बदलला असता की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. ते नाटक वाचण्याचा मराठी वाचकाचा अधिकार एकशे चोवीस वर्षे लांबणीवर पडला, एवढे निश्चित सांगता येते. आज कर्जतच्या किंवा खालापूरच्या एखाद्या वाडीत लिहिल्या जाणाऱ्या वहीच्या बाबतीत हा कालावधी किती असावा, हे ठरवणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.